समजून घ्या : खोडदच्या दुर्बिणीला सरकत्या ‘ब्रेन’चा माग लागेल का?

विश्वात सतत घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे संकेत मिळाल्याचे भारतीय, जपानी व युरोपीय शास्त्रज्ञांनी २९ जून २०२३ रोजी जाहीर केले. त्यात जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपलेल्या पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांच्या नोंदीही होत्या. पहिला संशय महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांवर आहे. संशयितांच्या यादीत ‘ब्रेन’ची धडकही आहे.

ब्रेन म्हणजे इथे मेंदू नव्हे. ‘मेम्ब्रेन’ म्हणजे पडदा, त्याचे हे शेपूट. स्ट्रिंग सिद्धांतात हे पडदे ताणतात, थरथरतात, सरकतात. पिंपळनेरकरांनी खापरावर पडण्याआधी हातांवर फिरणारा मांडा आठवावा. फक्त हा पडदा तीन मितींचा असतो आणि आपल्याला न दिसणाऱ्या मितींत सरकतो.

मुंबईच्या टीआयएफआरचे संदीप त्रिवेदी यांनी शमित काचरू, आंद्रे लिंडे, हुआन माल्डासेना आदींसह २००३ मध्ये याचे गणित तपासले. ब्रेन आणि प्रतिब्रेन एकमेकांकडे ओढले जातात. ते हळू सरकतात तोवर विश्व प्रचंड वेगाने फुगते. धडकले की फुगणे थांबते आणि मागे वैश्विक तंतू उरू शकतात. त्यांच्या कंपनातून गुरुत्वीय लहरी निघतील.

अडचण ‘हळू’ या शब्दात आहे. लपलेल्या मिती स्थिर ठेवायला गेले की ब्रेनच्या वाटेवरचा उतार तीव्र होतो, तो घाईने सरकतो आणि विश्व पुरेसे फुगत नाही. आकडे नेमके जुळवून घ्यावे लागतात, हे त्याच शोधनिबंधात मान्य केले आहे. त्यामुळे खोडदच्या नोंदींना स्ट्रिंग सिद्धांताचा पुरावा म्हणणे घाईचेच. कृष्णविवरे की तंतू, हे लहरींची तीव्रता वारंवारतेनुसार कशी बदलते यावरून ठरेल. त्यासाठी पल्सारचे ठोके आणखी काही वर्षे मोजावे लागतील.