चुन्याची निवळी आणि दगडी प्रवाळ

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांच्या दिवाणखान्यात कधीकधी खाऱ्या पाण्याचे काचपात्र दिसते आणि त्यात रंगीबेरंगी दगडी प्रवाळ. सराफकट्ट्यावरचे पोवळे ते हे नव्हे. ते निराळ्या कुळातले. दगडी प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या देहात राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी फार तापले की ही शैवाले नाहीशी होतात व प्रवाळ पांढरे पडते. म्हणून तापमान २५-२६ अंश राखावे.

दिव्यांची चर्चा फार होते. खरी कसोटी मात्र चुन्याच्या हिशेबाची आहे. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट यांपासून रचते. समुद्राला ही उचल जाणवत नाही, काचपात्राला जाणवते. गंमत अशी की, लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडले तर ते ४२० वरून ४०० वर येते, म्हणजे काहीच बिघडलेले दिसत नाही. पण त्याच वेळी अल्कलिनिटी ८ डीकेएचवरून ५.२ वर घसरते आणि वाढ खुंटते. तेव्हा कॅल्शियमच्या आकड्यावर समाधान न मानता अल्कलिनिटी वारंवार मोजावी.

ही तूट भरण्याचा जुना उपाय आपल्या ओळखीचाच आहे: चुन्याची निवळी! जर्मन छांदिष्ट तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. पानाचा चुना येथे चालणार नाही. शुद्धतेची खात्री असलेली कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड घ्यावी. एक लिटर गाळीव, क्षारमुक्त पाण्यात ती सुमारे दीड ग्रॅमच विरघळते. भांडे झाकून ठेवावे, नाहीतर हवेतील कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. गाळ खाली बसल्यावर वरची निवळी, आटलेल्या पाण्याच्या भरपाईपुरतीच, थेंबाथेंबाने सोडावी. रात्र उत्तम, कारण तेव्हा पात्राचा सामू उतरलेला असतो. घाईने ओतल्यास सामू एकदम चढून सारी वसाहत दगावते. निवळी दाहक असते. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

हे सारे तिकडच्या आप्तांसाठी. भारतात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शोभेसाठी विकत घेणे सोडाच, अंदमानच्या किनाऱ्यावर सापडलेला वाळका तुकडा खिशात घालणेही अंगाशी येते. देशोदेशींच्या सीमा ओलांडतानाही प्रवाळाला परवाना लागतो. तेव्हा भेट म्हणून कोणाला आणायला सांगू नये. आणि तिकडे खरेदी करणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी विचारावे, तुकडा समुद्रातून तोडलेला आहे की पात्रातच वाढवलेला?