विहिरींतला शूर

आमच्या वाडींतल्या विहिरींत सहाव्या वर्षीं पाठीला पत्र्याचा डबा बांधून उतरलेला आमचा पुतण्या आठव्या वर्षीं काठावरून बेधडक उडी घेऊं लागला होता. तेव्हां गेल्या उन्हाळ्यांत, नवव्या वर्षीं, त्याचें नांव पोहण्याच्या संघांत घातलें त्या वेळीं अलिबागच्या आमच्या घरांत कोणालाच काळजी वाटली नाहीं. ज्याला विहिरीची भीति नाहीं त्याला तलावाची कसली? परंतु पंधरा दिवस झाले नाहींत तोंच पहांटे त्याच्या पोटांत दुखूं लागलें. रविवारीं तालमीला सुट्टी असे. त्या दिवशीं मात्र तें दुखत नसे. ही गोष्ट प्रथम लक्षांत आली ती आमच्या मातोश्रींच्या.

"पोराला उगीच कशाला छळतां? पोहतां येतें तेवढें पुरे," असें त्यांचें म्हणणें. आमच्या बंधूंचें म्हणणें असें कीं, आज या पोटदुखीला मान दिला तर उद्यां गणिताच्या तासालाहि पोट दुखेल. दोन्ही पक्ष ऐकून घेऊन आम्ही एके दिवशीं तलावाच्या कांठीं जाऊन बसलों, आणि मग उलगडा झाला.

विहिरींत पोहणारा मुलगा मान वर ठेवून हात मारतो. चार हात मारले कीं पायरी हाताशीं येते, आणि काठावर वाहवा करणारे उभे असतात. संघाच्या तालमींत यांतलें कांहींच नाहीं. दोरांनीं आंखलेल्या एका लेनमध्यें पांच-सहा मुलें एकामागून एक, एका बाजूनें जात व दुसऱ्या बाजूनें परत येत असतात. तोंड पाण्यांत ठेवावयाचें, श्वास पाण्यांतच हळूहळू सोडावयाचा आणि मान वर न उचलतां, केवळ कुशीवर वळवून नवा घ्यावयाचा. आमचा शूर वीर श्वास कोंडून धरी. मग घाबरा होऊन मान वर काढी. मान वर आली कीं पाय खालीं बुडतात व गति मोडते. पंचवीस मीटरांच्या निम्म्यावर तो थकून जाई आणि मागचा मुलगा त्याच्या पायाला हात लावी. आमच्या घरांत पायाला हात लावणें म्हणजे नमस्कार. तलावांत त्याचा अर्थ 'भिंतीशीं पोहोंचलास कीं मला पुढें जाऊं दे' एवढाच. पण मुलाच्या मनाला तो हात चटका देई. "रोज सगळे माझ्या पायाला हात लावतात," असें तो त्या दिवशीं घरीं येतां येतां म्हणाला. पोटदुखीचें मूळ हें होतें. पाण्याची भीति मुळींच नव्हती. सर्वांत मागें असण्याची लाज होती.

औषध अगदीं साधें निघालें. स्नानापूर्वीं घंगाळांत पाणी घेऊन त्यांत तोंड बुडवावयाचें व नाकानें बुडबुडे काढीत श्वास सोडावयाचा. श्वास किती अंकांपर्यंत पुरतो हें मोजण्याचें काम आम्हीं मुद्दाम मातोश्रींकडे दिलें. ज्या आजी 'पुरे करा' म्हणत होत्या, त्याच चौथ्या दिवशीं "काल बारा झाले, आज पंधरा झाले पाहिजेत," असें म्हणूं लागल्या!

दुसरें औषध मात्र घरांतल्या मोठ्यांनीं घ्यावयाचें होतें. एकत्र कुटुंबांत मूल दारांत पाऊल टाकतें तों आठ-दहा तोंडें एकच प्रश्न विचारतात, "आज कितवा आलास?" अहो, तालीम ही शर्यत नव्हे! त्यांत काकांनीं वीरधवल खाडे यांचें नांव काढावें: कोल्हापूरचा मुलगा सोळाव्या वर्षीं, २००८ सालीं, बीजिंगच्या ऑलिंपिकला गेला, २०१० सालीं ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत पन्नास मीटर बटरफ्लायमध्यें त्यानें कांस्यपदक मिळविलें, आणि तूं? अशा थोर नांवांनीं मोठ्यांची हौस भागते. नऊ वर्षांच्या पोराच्या पाठीवर मात्र तो धोंडा होतो. 'भूक लागली का?' याखेरीज तालमीसंबंधीं कांहीं विचारावयाचें नाहीं, असा नियम आम्हीं घरांत केला. काकांना तो पाळण्यास आठ दिवस लागले.

खाण्याचें म्हणाल तर जाण्यापूर्वीं एखादें केळें, आणि आल्यावर पोटभर घावन किंवा नाचणीची भाकरी. डोक्याला तेल चोपडून पाठवूं नये. टोपी निसटते व पाणी खराब होतें. तलावांत उतरण्यापूर्वीं अंग धुवावें, कारण ज्याला आपण औषधाचा उग्र वास म्हणतों, तो क्लोरीन व घामासारखी अंगावरची घाण यांच्या संयोगानेंच वाढतो. कानांत पाणी गेल्यास मान कलती करून तें निथळूं द्यावें. कढत तेल घालण्याची जुनी रीत सोडून द्यावी.

खरी अडचण झोंपेची. या वयाच्या मुलास नऊ तास तरी झोंप हवी, आणि पांचाला उठावयाचें तर रात्रीं आठाला अंथरूण हवें. आमच्याकडे पानें मांडली जात नवाला. शिवाय पहांटे साडेचाराला उठून दूध तापविणाऱ्या वहिनींची झोंप कोणाच्याच हिशेबांत नव्हती. मुलाचें नांव हौसेनें घालणाऱ्या बापानेंच पहांटे उठावें, असें आम्हीं स्पष्ट सुचविलें. बंधु आठवड्यांतून तीन दिवस उठतात. त्या तीन दिवशीं दूध दोनदां उतूं गेलें, तें असो.

दीड महिन्यानें पोटदुखी गेली. त्याच्या मागें आतां दोन मुलें असतात.

मात्र जीव रमतांच त्यानें नवेंच काढलें: कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत पोहत जाऊं! धरमतरपासून गेटवेपर्यंतचें छत्तीस किलोमीटर अंतर पोहून गेलेल्या मुलांच्या गोष्टी त्यानें तलावावर ऐकल्या होत्या. त्या मुलांच्या बरोबर होडी असते, निरीक्षक असतात आणि मागें वर्षांचा सराव असतो, हें कोणी सांगितलें नव्हतें. तलावांतलें पाणी जागचें हलत नाहीं. समुद्राचें पाणी माणसाला घेऊन जातें. नुसतें 'नाहीं' म्हणण्याऐवजीं आम्हीं त्याच्यापुढें पंचांग ठेवलें. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ अदमासानें निघते: अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. अष्टमीचा तो भांग. पाणी फारसें हटत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, पाणी दूरवर ओसरतें, पण परततेंहि तितक्याच जोरानें. किल्ल्यांत रेंगाळलेल्यांची वाट बंद होते ती अशीच. अर्थात् हा ठोकताळा झाला. किल्ल्याकडे जावयाचें तर छापील तक्ता पाहून व किनाऱ्यावरच्या माणसांस विचारूनच जावें.

हल्लीं तो सकाळीं आजींना तिथि विचारतो व पाटीवर पाऊणपट करतो. पुढच्या उधाणाच्या ओहोटीस आम्ही सर्वजण त्याला घेऊन किल्ल्यांत गणपतीच्या दर्शनास जाणार आहोंत, पायीं.