खजूर आणि धर्मप्रसार

गेल्या रमजानात धाराशिवहून कळंबकडे जाणाऱ्या एस.टी.त आम्ही बसलो होतो. पुढच्या बाकावर एक बागवान व त्यास सर्वस्वी अनोळखी असा एक वयस्क कुणबी. दिवस मावळताच बागवानाने पुडीतून खजूर काढला. एक स्वतः घेतला, एक शेजाऱ्यापुढे धरला. "दिसभर पाणीसुद्धा घेत न्हाई म्हणं?" एवढ्यावरून बोलणे सुरू झाले. बागवानाने अस्सल गावरान मराठीत रोजा सांगितला. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा गोरगरिबांचा, त्यास जकात म्हणतात, हे सांगितले. व्याज घेणे हराम, हेही सांगितले. कुणब्याच्या डोक्यावर सावकाराचे देणे असावे; 'व्याज हराम' म्हणताच तो सावरून बसला. "मग तुमच्यातलं कुणी व्याजानं पैसं देत न्हाई का, चाचा?" बागवान क्षणभर थांबला. "देत्यात की. चुकत्यात. अल्लाला जाब द्यावा लागंल त्यांना."

आम्ही कीर्तने ऐकली, तकरीरीही ऐकल्या. पण आपल्याच माणसांची चूक परक्यापुढे इतक्या सरळपणे कबूल करणारा उपदेशक विरळा. मागच्या बाकावरील एका शिकलेल्या तरुणास मात्र हे सोसवेना. "बाबा, खजूर खाऊ नका, उद्या बाटवतील!" त्या तरुणासाठीच आज लेखणी उचलली आहे.

भारतीय संविधानाच्या 25 व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसार म्हणजे आपली तत्त्वे दुसऱ्यास समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हा हक्क नव्हे, असे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. बागवानाने ही रेषा कोठे ओलांडली, हे त्या तरुणाने सांगावे.

आणि वाचकहो, शेजारच्या मुसलमानाचे बोलणे ऐकून माणूस बाटतो म्हणावे, तर महात्मा जोतीराव फुल्यांचे काय झाले? एका भट कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले आणि पोर शाळेतून निघाले. पुढे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांस समजाविले आणि 1841 साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. कारकुनाने बोलणेच केले, मुन्शीनेही बोलणेच केले, फळे पाहा! मुसलमान सवंगड्यांच्या संगतीने जातिभेदाविषयी आपल्या मनात खरे विचार येऊ लागले, असे जोतीराव स्वतः लिहून गेले. त्यांनी पैगंबरांवर कवन रचले. पण ते मुसलमान झाले नाहीत; त्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला.

आमच्या जिल्ह्याने दुसऱ्या तऱ्हेचा प्रसारही पाहिला आहे. निजामाच्या अमलात बहादूर यार जंगांची तबलीग अस्पृश्यांस इकडे ओढी, आर्यसमाजाची शुद्धी तिकडे ओढी. डोकी मोजली गेली. त्या डोक्यांत काय चालले आहे हे फारसे कोणी विचारले नाही. मग रझाकारांचा जुलूम झाला. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली, आणि पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत अधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव लिहिले. 2023 साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी ती आठवण दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांच्या घरांत अजून आहे, आणि ती बहुधा दार लावून सांगितली जाते.

मुसलमान बांधवांसही दोन शब्द स्पष्ट बोलतो. तुमचा धर्म आम्हांस सांगायचा तर मराठीत सांगा, आणि उलट प्रश्न आला तर रागावू नका. नमाजाच्या रांगेत मालक व गडी खांद्यास खांदा लावून उभे राहतात, हे पाहून आम्हांस आनंदच होतो. पण बागवानाची मुलगी सय्यदाच्या घरी सहज दिली जाते काय? पिंजाऱ्याचे, कसायाचे काय? हे आम्ही विचारणारच. भटजीला विचारतो तसेच मौलवीलाही विचारू. आमच्या मुली शिकाव्यात म्हणून सावित्रीबाईंनी शेणमातीचे गोळे सोसले. तुमच्या मुलींच्या शाळेविषयीही आम्ही तितक्याच आपुलकीने विचारू.

कुणब्याने तो खजूर खाल्ला. येरमाळ्यास बागवान उतरला, तेव्हा त्याची पाटी खाली देण्यास त्याने हात लावला आणि गाडी हलता हलता खिडकीतून ओरडून विचारले, "चाचा, चाळिसावा हिस्सा मोजतो कोण? देणारा का घेणारा?" उत्तर गाडीच्या आवाजात विरले.