घाटात पाऊस, गावात उघडीप

जुलै-ऑगस्टमधला रविवार. रहिमतपुरात सकाळपासून भुरभुर आहे, तीही रस्ता जेमतेम ओला करण्यापुरती. आल्याच्या शेतात पाणी साचलेले नाही, आभाळ मधूनच उजळते. अशा दिवशी महाबळेश्वर, ठोसेघर किंवा कासला जायचे ठरते ते बहुधा चहाच्या टपरीवर, आणि ठरवण्याची कसोटी एकच असते : ‘आज पावसाचा जोर नाही.’ तासाभरात सातारा येतो, तिथून पुढे घाट. घाटात पोहोचेपर्यंत मागेपुढे गाड्यांची रांग लागलेली असते, वायपर पूर्ण वेगात फिरत असतो आणि परत फिरायला जागा नसते.

चूक सुरू होते ती घरच्या आभाळावरून डोंगरावरच्या पावसाचा अंदाज बांधण्यात. सातारा जिल्ह्यात तर हा अंदाज हमखास फसतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा कोकणपट्टी ओलांडते आणि सह्याद्रीच्या भिंतीवर चढू लागते. वर चढताना ती प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन कोसळते. महाबळेश्वर या भिंतीच्या माथ्यावर, सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तिथला वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत तो साधारण एक तृतीयांशावर येतो. घाट उतरून वाईत आणखी कमी होतो. रहिमतपूर-कोरेगावकडे पोहोचेपर्यंत ढगांची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते आणि माण-खटावला तर टँकरची वेळ येते. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी.

हा फरक किती टोकाचा असू शकतो हे २३ जुलै २०२१ च्या सकाळी दिसले. साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, जवळपास तेवढा तिथे एका दिवसात पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. डोंगरापलीकडे महाड तालुक्यातले तळीये गाव उद्ध्वस्त झाले. आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला.

म्हणूनच हवामान विभागाचा इशारा वाचताना ‘सातारा’ या शब्दापाशी थांबून चालत नाही. पुणे वेधशाळा साताऱ्याच्या घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देते, आणि सहलीला निघणाऱ्याने वाचायचा तो तोच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ अशा पायऱ्या आहेत. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग मात्र नुसत्या पावसाचे मोजमाप नसतात. किती नुकसान होऊ शकते आणि किती तयारीत राहायला हवे, याची ती खूण असते. लाल इशाऱ्याच्या दिवशी गावात ऊन पडले म्हणून वेधशाळेची टर उडवणारे संदेश फिरतात, पण तो इशारा बहुतेक वेळा त्या गावासाठी नसतोच.

पावसाळ्यात डोंगरावर एवढी गर्दी होणे ही तशी नवी गोष्ट आहे. महाबळेश्वर हे मुळात उन्हाळ्याचे गाव. पूर्वी जून उजाडला की पाहुणे उतरत, घरांच्या भिंतींना गवताच्या झडपा बांधल्या जात आणि गाव चार महिने धुक्यात स्वतःपुरते जगत असे. आता धबधबे हेच आकर्षण झाले आहे. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती १३ हजारांच्या आसपास होती. त्यासाठी आखलेल्या पाणी, कचरा, शौचालये, रस्ते आणि रुग्णालयाच्या व्यवस्थेवर सुट्टीच्या एकेका दिवशी कित्येक पट भार पडतो, आणि तोही नेमका धुके, दरड आणि वीज जाण्याच्या हंगामात.

वर जायला वाटा तरी किती? वाईकडून पसरणी घाट, मेढ्याकडून केळघर घाट आणि कोकणातून आंबेनळी. तिन्ही सुरू असताना गर्दी वाटली जाते. केळघरला दरड आली की साताऱ्याकडची सगळी वाहने पसरणीत येतात. आंबेनळी बंद झाला की कोकणात जाणारे मध्येच अडकतात. घाटरस्त्याचा वेग ठरवते ती त्याची सर्वांत अरुंद जागा. एका वळणावर दोन मोटारी आणि एक एसटी समोरासमोर आली, की मागची रांग मैलभर वाढते. त्यात कोणी फोटोसाठी कडेला गाडी लावलेली असेल तर रुग्णवाहिकेला वाट कोण देणार आणि कुठून देणार? गंभीर रुग्णाला डोंगरावरून वाई किंवा साताऱ्याला उतरवावे लागते. कोरड्या दिवशी दीड-दोन तासांत होणारा हा प्रवास कोंडीच्या दिवशी किती लांबेल, याचा भरवसा नसतो. हृदयविकाराचा झटका किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी गर्दीचा खरा धोका हा आहे. दुर्घटनांच्या आकड्यांत तो कधी धरला जात नाही.

याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. ही मंडळी पावसाळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाली होती. एक जण वगळता बसमधले सगळे गेले. दरीतून मृतदेह वर काढण्यासाठी महाबळेश्वरचे स्थानिक ट्रेकर दोर बांधून खाली उतरले होते. या भागातल्या बचावकार्याचा मोठा भार आजही अशा स्वयंसेवकांवरच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरणे घाटात सेल्फी घेताना दरीत पडलेल्या तरुणीला वर काढायलाही होमगार्ड आणि गावकरीच दोरावर उतरले. त्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळे बंद ठेवण्याचा आदेश दिलेला होता, हे विशेष.

आता गर्दीचे शास्त्र. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करून एक मोजमाप मांडले. एका चौरस मीटरमध्ये सात माणसे कोंबली गेली, की माणसांचा जमाव माणसांसारखा वागत नाही, तो द्रवासारखा वाहू लागतो. मागच्या धक्क्याची लाट पुढे जाते, पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि मृत्यू येतो तो बहुधा तुडवले जाऊन नव्हे. छातीवर दाब आल्याने फासळ्या पसरू शकत नाहीत आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. ‘चेंगराचेंगरी’ म्हटले की लोक बेभान होऊन पळाले असे चित्र उभे राहते आणि दोष गर्दीवर जातो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पळायला जागाच नसते.

पाऊस यात काय भर घालतो? तो माणसांची संख्या वाढवत नाही, त्यांना एकाच वेळी एकाच दिशेला ढकलतो. मोकळ्या पठारावर दोन हजार माणसे सहज मावतात. एक जोराची सर आली की तीच माणसे एका पत्र्याच्या शेडकडे, एका जिन्याकडे किंवा एका फाटकाकडे धावतात. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी हेच घडले. पावसामुळे लोक जिन्यावर आणि पुलावर थांबून राहिले, पाठोपाठ गाड्यांमधून उतरणारे येतच राहिले, आणि २३ जणांचा जीव गेला. सातारकरांना तर उदाहरणासाठी मुंबईला जायचीही गरज नाही. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. तेव्हा पाऊस नव्हता, पण फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. उतार, ओल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि दोन्ही दिशांनी जाणारी माणसे : धबधब्याच्या पायवाटेवर भर पावसात नेमके हेच चौघे एकत्र येतात.

ठोसेघरसारख्या ठिकाणी त्यामुळे सर ओसरेपर्यंत मोकळ्यावर भिजत उभे राहणे हे आडोशाच्या रेटारेटीत शिरण्यापेक्षा बरे. भिजलेले कपडे वाळतात. गर्दीत सापडल्यास हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी, प्रवाहाच्या उलट न जाता तिरपे कडेला सरकत जावे, आणि लहान मूल खांद्यावर किंवा कडेवर असावे, हाताला धरलेले नसावे.

धबधब्याचे पाणी हा आणखी वेगळा विषय. ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून प्रवाहात उभे असलेल्या त्या माणसांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. पाणी तर फार खोल दिसत नव्हते, मग असे कसे झाले, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. उत्तर वेगात आहे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघाभर पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असेल तर दोन पायांवर मिळून ढोबळमानाने ३० किलो वजनाइतका रेटा येतो. वेग तीन मीटर झाला की तोच रेटा ७० किलोच्या जवळ जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. पायाखाली शेवाळलेला कातळ असेल तर तिथे घर्षण जवळपास नसतेच. शिवाय धबधब्याचे पाणी वाढते ते समोर पडणाऱ्या पावसाने नव्हे, वरच्या पाणलोटात अर्ध्या तासापूर्वी कोसळलेल्या सरीने. इथे ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर बाहेर पडायला मिनिटे नव्हे, सेकंद उरलेले असतात.

कोंडीत अडकलेल्या गाडीतही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये हजारो गाड्या बर्फात अडकल्या आणि गाड्यांमध्येच किमान २२ पर्यटकांचा मृत्यू झाला. थंडीबरोबरच इंजिनातून आत आलेला कार्बन मोनॉक्साइड वायू हे त्यामागचे कारण मानले गेले. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे तेवढा धोका नाही. तरी सायलेन्सर पाण्यात किंवा चिखलात बुडालेला असताना काचा बंद करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवणे टाळावे. या वायूला वास नसतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे ‘घाट लागला’ म्हणून सोडून दिली जातात.

महाबळेश्वरात जुलैत पारा वीस अंशांच्या खालीच घोटाळतो. ही काही बर्फाळ थंडी नव्हे, पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेल्या कपड्यांनी वाऱ्यात दुचाकीवरून घाट उतरणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान घसरू शकते. थरथर, अडखळती बोली आणि हातांची पकड सुटणे ही सुरुवात असते, आणि पकड सुटलेला हात ब्रेकवर असतो. ‘ऊब येते’ म्हणून घेतलेली दारू त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून उलट उष्णता बाहेर टाकते. गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, रक्तदाब-मधुमेहाची एका दिवसाची जास्तीची औषधे आणि घरचे पाणी असले की निम्मी काळजी मिटते. पाण्याचे कारण असे, की पावसाने गढूळलेल्या पाण्यात क्लोरीनचा परिणाम कमी होतो आणि रस्त्याकडेच्या टपरीवरची भांडी कुठल्या पाण्यात धुतली जातात ते दिसत नाही. शौचालयांच्या अभावी स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि परतल्यावर मूत्रमार्गाच्या संसर्गाची तक्रार घेऊन दवाखान्यात जातात, ही सहलीची बाजू कोणत्याही जाहिरातीत नसते.

मग स्थळे बंदच करावीत का? दुर्घटनेनंतर बंदी येते, ती दोन-तीन दिवस पाळली जाते, आणि तेवढ्यात गर्दी यादीत नसलेल्या, कठडा नसलेल्या, पोलीस नसलेल्या दुसऱ्या धबधब्याकडे वळते. टपरीवाल्याचा हंगाम बुडतो तो वेगळाच. बंदीपेक्षा मोजणी अधिक कामाची, हे साताऱ्यातच सिद्ध झालेले आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठेवून ऑनलाइन नोंदणी घेतली जाते आणि आसपासच्या गावांची समिती ती व्यवस्था पाहते. ती दर रविवारी काटेकोर पाळली जाते असे नाही, पण मोजायला काहीतरी आहे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटी आणि कोडाईकनालला मे २०२४ पासून ई-पास लागू झाला. एप्रिल २०२५ मध्ये उटीसाठी वाहनांची मर्यादा कामाच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० ठरवली गेली. तिथे माणसांऐवजी वाहने मोजली गेली, कारण घाट भरतो तो वाहनांनी.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामाला तिथे मर्यादा आहेत, वाहनांच्या संख्येला नाही. पसरणीच्या पायथ्याशी वाईत आणि केळघरखाली मेढ्यात वर गेलेल्या आणि खाली आलेल्या गाड्यांची मोजणी करून ती दर तासाला जाहीर केली, तरी रहिमतपूरच्या टपरीवर ठरणारा बेत वेगळा होऊ शकेल. वर किती गाड्या आहेत आणि घाटमाथ्यावर गेल्या तीन तासांत किती पाऊस झाला, हे दोन आकडे आज निघण्यापूर्वी सहज एकत्र मिळत नाहीत. पथकर आणि प्रवेशशुल्काच्या नाक्यांवर वाहनांची नोंद होतच असते आणि पर्जन्यमापकही बसवलेले आहेत. ही माहिती सकाळी सहाला, गाडी बाहेर काढण्याआधी, लोकांच्या मोबाइलवर पोहोचवायची आहे.