हेडफोनातील खोली आणि तुळजापूरचा संबळ

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात एक समजूत आजवर शिरस्त्यासारखी चालत आली आहे. ती अशी की, स्वतंत्रपणे मुद्रित केलेले गायन, वाद्ये आणि कोरस यांचा परस्परांशी मेळ घालण्याचे काम, ज्याला व्यवसायातील मंडळी मिक्सिंग म्हणतात ते, हेडफोन लावून कधीही करू नये. शास्त्रोक्त रीतीने बांधलेल्या भिंतींच्या आत दोन उत्तम स्पीकरांसमोर बसूनच ते करावे, आणि ज्याच्यापाशी अशी खोली नाही त्याने आपले गाणे पुण्यामुंबईच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे. मुंबईत बसून ही समजूत निरुपद्रवी वाटते. परंतु धाराशिव जिल्ह्यात तिचा परिणाम असा होतो की, तुळजापूरच्या आराध्यांची गाणी, गोंधळ्यांचा संबळ, तेरच्या भजनी मंडळांचे अभंग आणि धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या उरुसातील कव्वाली ही सारी जन्मतात या मातीत, आणि त्यांच्या नादाचे अखेरचे रूप मात्र अशा माणसाच्या हातून ठरते, ज्याने संबळ कदाचित समोर बसून कधी ऐकलेलाही नसतो. हेडफोनमध्येच स्पीकरांचा आणि खोलीचा आभास निर्माण करणारी जी साधने गेल्या काही वर्षांत सामान्य लॅपटॉपवर चालू लागली आहेत, त्यांनी या समजुतीची फेरतपासणी करण्याची वेळ आणली आहे, आणि ती तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या संगीतकारांनी स्वतः केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेडफोनवरील आक्षेप मुळात खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. समोर दोन स्पीकर ठेवून आपण ऐकतो तेव्हा डाव्या स्पीकरचा नाद केवळ डाव्या कानाला ऐकू येतो असे नाही. तो उजव्या कानापर्यंतही पोहोचतो, मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारे चौथा हिस्सा उशिरा, आणि मस्तकाच्या आडोशामुळे त्यातील उंच स्वर काहीसे मंद होऊन. या अत्यल्प विलंबावरून आणि या मंदपणावरूनच आपला मेंदू नादाची दिशा ठरवतो, हा सिद्धांत लॉर्ड रॅले यांनी 1907 साली मांडला होता. हेडफोन या नैसर्गिक व्यवहाराला मध्येच छेद देतो. डावा नाद डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात कोंडला जातो, भिंतींचा प्रतिसाद नाहीसा होतो, आणि समोर चार हातांवर उभी असावी अशी गायिका ऐकणाऱ्याच्या कवटीच्या मध्यभागी येऊन गाऊ लागते. अशा स्थितीत काम करणारा मनुष्य प्रामाणिक असूनही फसतो. तुणतुणे एका बाजूस किती सरकवावे, आवाजामागे रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, किती सोडावा, खर्ज किती भरावा, यांचे त्याचे सारे अंदाज चुकतात, आणि मग तेच गाणे दुसऱ्या दिवशी जीपमधल्या स्पीकरवर लावले की त्याला ते आपले वाटत नाही.

परंतु हेडफोन फसवतो म्हणून खोली सत्यवचनी ठरत नाही. जिल्ह्यातील होतकरू संगीतकाराच्या वाट्याला येणारी खोली बहुधा दहा फूट लांब, तितकीच रुंद, वर स्लॅब किंवा पत्रा आणि एका अंगाला रस्त्याकडची खिडकी, अशी असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झचा खर्ज अडकून पडतो. तो भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ लोपतो. आजच्या भक्तिगीतांत संबळाखाली जो विद्युत्‌-खर्ज भरण्याची प्रथा पडली आहे, तो नेमका याच टापूतला. मध्यावर बसलेल्याला तो कमी ऐकू येतो म्हणून तो वाढवतो, आणि नवरात्राच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीवर तेच गाणे वाजू लागले की त्या खर्जाखाली देवीचे नावसुद्धा ऐकू येईनासे होते. यावर खोलीत गाद्या आणि स्पंज लावण्याचा जो उपाय सुचवला जातो तो उंच स्वरांपुरता ठीक आहे. परंतु 56 हर्ट्झचा नाद केवळ सच्छिद्र द्रव्याने पुरता शोषून घ्यावयाचा तर त्याच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे जवळपास पाच फूट जाडीचा थर लागेल, आणि दहा फुटांच्या खोलीतून तो वजा केल्यावर माणसाने बसावे कोठे हा प्रश्न उरतो. त्यातच दाट वस्तीच्या गल्लीत रात्री 80 डेसिबलवर स्पीकर लावणे हे शेजारधर्माला आणि कायद्याला दोहोंनाही सोडून आहे, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. या मुलखात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पंखा बंद ठेवूनही काम होत नाही आणि चालू ठेवूनही होत नाही, ही अडचण निराळीच.

म्हणून पर्याय कोणता, तर खोली बांधण्याऐवजी खोलीची नक्कल कानाशी आणावयाची. या विद्येचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. 1881 साली पॅरिसच्या विद्युत्‌ प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील गायन तारांवाटे दूर नेऊन श्रोत्याच्या दोन्ही कानांना दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे लावली, आणि लोकांना नाद डावीकडून उजवीकडे सरकताना ऐकू आला. दोन स्पीकरांचा स्टिरिओ त्यानंतर अर्ध्या शतकाने, ॲलन ब्लमलाइन याच्या 1931 च्या पेटंटातून, साकार झाला. 1961 मध्ये बेंजामिन बाउअर याने हेडफोनच्या प्रत्येक बाजूचा थोडा अंश, किंचित उशिराने आणि मंद करून, दुसऱ्या बाजूस पाठवण्याची युक्ती शास्त्रीय रीतीने मांडली. पुढे कृत्रिम मस्तके आली. केमार या नावाने प्रसिद्ध असलेला, 1972 मध्ये अमेरिकेत तयार झालेला पुतळा प्रौढ माणसाच्या सरासरी मापांवरून घडवलेला होता, आणि त्याच्या कानांत बसवलेल्या ध्वनिग्राहकांनी टिपलेली मापे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने 1994 मध्ये जगाला खुली करून दिली. आजची साधने याच मार्गाने चालतात: एखाद्या नामांकित स्टुडिओत श्रोत्याच्या जागी असे मस्तक बसवून, स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत सर्व स्वरांतून सरकत जाणारा एक नाद सोडून, त्या जागेचा प्रतिसाद एखाद्या दस्तऐवजासारखा नोंदवून घ्यावयाचा, आणि मग कोणतेही गाणे गणिताने त्या प्रतिसादातून गाळून हेडफोनमध्ये सोडावयाचे. वेव्ह्ज कंपनीने लंडनच्या ॲबी रोडचा तिसरा स्टुडिओ अशा रीतीने विकावयास ठेवला आहे, आणि स्लेट कंपनीच्या व्हीएसएक्स या संचात स्टुडिओंच्या जोडीला मोटारगाडीचा अंतर्भागसुद्धा आहे. ज्या ॲबी रोडवर ब्लमलाइनने 1934 साली स्टिरिओ मुद्रणाचे आरंभीचे प्रयोग केले, त्या वास्तूतील एक खोली आज उमरग्याच्या मुलाच्या कानांवर चढते, ही मला विज्ञानाची फार मोठी उदारता वाटते.

यावर जुनी जाणती मंडळी हरकत घेतात ती अशी की, हे सारे आभास आहेत आणि आभासावर घेतलेला निर्णय कच्चाच राहणार. या हरकतीचा विचार करताना मला तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा आठवते. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेका संताचे मस्तक पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निवाडा दिला, असे परंपरा सांगते. त्या निवाड्याला अधिकार कोठून आला? थापटणे मोलाचे होते म्हणून नव्हे. तर त्याच थापटण्याने आयुष्यभर मडकी वाजवून पक्क्याचा नाद कोणता आणि कच्च्याचा कोणता हे त्या कानांना पुरते ठाऊक झाले होते म्हणून. मिक्सिंग करणाराचेही तसेच आहे. खोली खरी की आभासी याहून ती नित्याची आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे. आणि म्हणूनच, या साधनांनी देऊ केलेल्या दहापाच खोल्यांतून दिवसभर भटकत राहण्याचा जो मोह तरुणांना पडतो तो मला घातक वाटतो. एक खोली निवडावी, आपल्याला पाठ असलेली चांगली मुद्रणे तीत महिनोन्‌महिने ऐकावीत, आणि त्या खोलीचा स्वभाव अंगवळणी पडल्यावरच स्वतःच्या गाण्याला हात घालावा. मोटारगाडीची किंवा लहान स्पीकरची नक्कल ही केवळ अखेरच्या पडताळणीसाठी ठेवावी.

मर्यादा अर्थात आहेत, आणि त्या लपवून साधन विकणाऱ्यांचा मी कैवार घेत नाही. कर्णपाळीची घडण माणसागणिक निराळी असते, त्यामुळे सरासरी मस्तकावरून घेतलेली मापे कोणाला चपखल बसतात, तर कोणाला समोरचा स्पीकर मागे किंवा डोक्यावर असल्यासारखा भासतो. हान्स वालाख याने 1940 मध्येच दाखवून दिले होते की, मान किंचित वळवल्याने नादात जो फरक पडतो त्यावरून आपण पुढचे-मागचे ओळखतो. या कारणाने मस्तकाची हालचाल कॅमेऱ्याने टिपून नाद त्याबरोबर फिरवणारी साधने अधिक विश्वसनीय ठरतात, आणि विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या कानांवर परीक्षा केल्यावाचून पैसे देऊ नयेत. शिवाय खर्ज हा केवळ कानाचा विषय नसून छातीलाही तो जाणवतो, आणि हेडफोन ती जाणीव देऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज तीन तीन डेसिबलने वाढवाल तसतसा हा अवधी निम्म्यानिम्म्याने घटतो. रात्र रात्र हेडफोन चढवून काम करणाऱ्या पोरांनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा. गेलेले श्रवण कोणत्याही प्लगइनने परत येत नाही.

आता श्रोते बहुतांशी मोबाइलवर, इअरफोन लावूनच ऐकतात, तेव्हा साध्या हेडफोनवर जसे ऐकू येते तसेच मिक्स करून का सोडू नये, असाही युक्तिवाद केला जातो. शहरी गीतांपुरता तो कदाचित टिकेल. परंतु आमच्याकडचे गाणे एका ठिकाणी राहत नाही. देवीचे तेच गाणे यात्रेकरूंच्या ट्रकमध्ये, प्रसादाच्या दुकानातील एकाच स्पीकरवर, आणि मिरवणुकीत, जेथे डावी-उजवी वाट अनेकदा एकत्र करूनच आवाज सोडला जातो, अशा सर्व ठिकाणी वाजावयाचे असते. आणि नुसत्या हेडफोनवर मोहक वाटणारी कृत्रिम रुंदी अशी एकत्र झाली की तिचे तरंग परस्परांना खोडून काढतात आणि झांजा, तुणतुणे, कोरस सारे क्षीण होते.

येथे माझ्या मनातील मुख्य मुद्दा येतो. विकत मिळणाऱ्या या खोल्या बहुतेक लंडन-अमेरिकेच्या आहेत, आणि ज्या नादाची परीक्षा त्यांत करावयाची तो मात्र निराळ्या जागांसाठी घडलेला आहे. तुळजाभवानीचे मंदिर बालाघाटाच्या कुशीत, पायऱ्या उतरून जावे अशा सखल जागी आहे. चोहोबाजूंस दगड आणि वर आकाश अशा त्याच्या प्रांगणात संबळाचा ठोका भिंतींवरून परततो, पण छत नसल्यामुळे घुमत राहत नाही, आणि त्या ठोक्याचा टणत्कार, आराधिनींचा खणखणीत उंच सूर, शब्दांमधील मोकळ्या जागा, हे सारे त्या जागेशी शतकानुशतके जुळत आलेले आहे. परक्या खोलीला मोजपट्टी म्हणून वापरण्यास माझी मुळीच हरकत नाही. पण तीत गोड लागावा म्हणून संबळाची धार बोथट करणे आणि आराधिनीच्या आवाजाला मखमली मुलामा देणे याला माझी ठाम हरकत आहे. ही सवय नकळत लागते, कारण आपण ज्या खोलीत ऐकतो तिची आवडनिवड हळूहळू आपली होऊन बसते.

उपाय आपल्याच हाती आहे. आंजेलो फारिना याने 2000 साली मांडलेली, सरकत्या नादाने जागेचा प्रतिसाद नोंदवण्याची पद्धत आज एक लॅपटॉप, एक साउंड कार्ड, एक बरा स्पीकर आणि कानांत बसणारे दोन लहान ध्वनिग्राहक एवढ्या साहित्यावर अमलात आणता येते. धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तुळजापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगावी संगीतशिक्षक आहेत. त्यांनी एकत्र येऊन, रीतसर परवानगी घेऊन, पहाटेच्या निवांत प्रहरी तुळजापूरच्या प्रांगणाची, तेरच्या विटांनी बांधलेल्या प्राचीन त्रिविक्रम मंदिराची, धाराशिवच्या लेण्यांची आणि नळदुर्गच्या किल्ल्यातील दालनांची ध्वनिमोजणी करावी, आणि तिचे दप्तर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येईल असे खुले ठेवावे. मग भूमच्या किंवा परंड्याच्या खोलीत बसलेला तरुण आपले गाणे आधी लंडनच्या खोलीत तपासील, आणि नंतर तेच गाणे तुळजापूरच्या प्रांगणात उभे राहून कसे ऐकू येईल हेही हेडफोनमध्येच ऐकून मग शेवटचा हात फिरवील. ज्या महाविद्यालयांपाशी हे साहित्य आहे त्यांनी येत्या शारदीय नवरात्राची गर्दी सुरू होण्यापूर्वी निदान तुळजापूरची मोजणी हाती घ्यावी, आणि मंदिराच्या व्यवस्थापनाने तिला परवानगी द्यावी, अशी माझी दोघांनाही आग्रहाची विनंती आहे.