देवावरील भरवसा

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत यश आले की देव पावला आणि अपयश आले की देव रुसला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु हा भरवसा नव्हे. हा केवळ सौदा होय.

आपल्या बेसा गावाच्या दक्षिणेस टाकळघाट आहे. स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरास आले व 1846 साली त्यांनी येथे शाळा काढिली. ता. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असता ते पुराच्या पाण्यात बुडाले. वयाची 46 वर्षेही पुरी झाली नव्हती!

कोणी विचारील, ज्याने आपले आयुष्य देवास वाहिले, त्यास देवाने पुरातून का तारिले नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सोपे उत्तर मजपाशी नाही. खुद्द प्रभु येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. तरी पित्याच्या इच्छेपुढे त्याने मान लवविली.

संकट येणारच नाही असे अभिवचन आपणांस नाही. संकटात तो सोबत असेल, हे आहे. हिस्लॉप गेले, पण त्यांचे कार्य बुडाले नाही. 1883 साली त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात उभे राहिले. पेरणारास पीक दिसतेच असे नाही.

पालकहो, मुलांस यशाची हमी देऊ नका. घरात दुःख येईल त्या रात्री त्यांस जवळ घेऊन गुडघे टेका. भरवसा ती तेथेच शिकतील.