बॉक्सवरच्या शेवटच्या तीन ओळी

परवा लंच टाइममध्ये आमच्या ऑफिसातली नवी ज्युनिअर भलतीच खुशीत होती. तिला म्हणे जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. हातात झकास फोन असताना बाईसाहेबांना हवाय त्यांच्या शाळेच्या वयातला कॅमेरा! गेली दोन-तीन वर्षं ही फॅशनच आहे म्हणा. फ्लॅशने उजळलेले चेहरे, मागे काळोख आणि कोपऱ्यात केशरी तारीख. तिने विचारलं, "सर, किती मेगापिक्सेलचा घेऊ?"

मला हसूच आलं. २००४ मध्ये मीही अगदी हेच विचारलं होतं, अमेरिकेतल्या मामेभावाला. त्या दिवाळीत तो येताना माझ्यासाठी कॅमेरा घेऊन आला. चार मेगापिक्सेल! पुढे महिनाभर मी हा आकडा भेटेल त्याला ऐकवला. बॉक्सवर बारीक अक्षरात शेवटच्या तीन ओळी होत्या: पॉवर, व्हिडिओ आउट, सोबतचं सॉफ्टवेअर. त्या वाचतो कोण? आज विचाराल तर मी फक्त त्या तीनच वाचेन.

पहिली ओळ, पॉवर. माझा कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणायचे, चार-दोनदा फ्लॅश मारायचा की लाल खूण लुकलुकायला लागलीच. दुकानदाराला मी उगाच शिव्या घातल्या. साधा अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो खरा, पण फ्लॅश आणि स्क्रीन एकदम करंट खेचायला लागले की त्याचा व्होल्टेज धपकन खाली येतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर फक्त १.२ व्होल्टचा, पण तो जवळजवळ शेवटपर्यंत तग धरतो. त्याचा दोष एकच, नुसता पडून राहिला तरी उतरायचा. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि हाही प्रश्न बराचसा सुटला. लिथियमवाल्या कॅमेऱ्यांची तऱ्हा वेगळी. बॅटरी छोटी, दमदार, पण प्रत्येक कंपनीची वेगळी. कंपनीने ती बनवणं थांबवलं की शोधत बसा!

दुसरी ओळ, व्हिडिओ आउट. बॉक्समध्ये एक काळी वायर असायची. एक टोक कॅमेऱ्यात, दुसऱ्या टोकाच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना टीव्हीत. झालं, अख्खी बिल्डिंग फोटो बघायला हजर! आता गंमत ऐका. भारतातली पाल पद्धत ६२५ ओळींची, सेकंदाला २५ चित्रं दाखवणारी. अमेरिकेतली एनटीएससी ५२५ ओळींची, साधारण ३० चित्रांची. म्हणून माझ्या अमेरिकन कॅमेऱ्याचं चित्र आमच्या टीव्हीवर पहिल्यांदा काळंपांढरं आणि वर वर पळणारं आलं. मेन्यूत जाऊन 'पाल' निवडलं आणि रंग अवतरले. बरं, पालच्या डिजिटल चित्रात ठिपके किती? ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार. माझे चाळीस लाख ठिपके गेले कुठे, असं एकाही पाहुण्याने विचारलं नाही.

तिसरी ओळ मात्र मला महागात पडली. सोबतच्या सीडीत फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर होतं. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि प्रत्येक फोटोखाली नावं टाइप करायचे. कोण, कुठलं, कोणाच्या लग्नातलं. एका बोटाने, पण नेमाने. २०११ मध्ये बाबा गेले. दोन वर्षांनी तो कॉम्प्युटरही काढून टाकला. मी शहाण्यासारखे सगळे फोटो हार्ड डिस्कवर कॉपी केले, आणि वर्षभराने उघडले तर एकाही फोटोखाली नाव नाही! त्या सॉफ्टवेअरने नावं फोटोच्या फाइलमध्ये लिहिलीच नव्हती, स्वतःच्या वेगळ्या यादीत ठेवली होती. यादी कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली. फोटोतच मजकूर लिहायची सोय तेव्हाही होती. मी बघितलं नव्हतं, एवढंच.

गेल्या मे महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा आईच्या कपाटात तो कॅमेरा सापडला. आत कार्ड तसंच, आतेबहिणीच्या लग्नाचं. मागच्या खोलीत जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. सेल घातले, वायर लावली, तर चित्र पुन्हा काळंपांढरं आणि पळणारं. आतला नाण्याएवढा सेल मेलेला, त्यामुळे कॅमेरा तारीख विसरला आणि स्वतःला परत अमेरिकेत समजायला लागला. पुन्हा 'पाल'. आई चष्मा लावून समोर बसली.

"अरे, ही मोठ्या आत्याची नणंद. हा तिचा धाकटा, आता पुण्याला असतो. थांब, मागे घे जरा."

मी वही काढली. फोटोचा नंबर आणि नाव, असं लिहीत गेलो. मध्ये दोनदा सेल संपले, दोनदा कोपऱ्यावर पळालो. एका फोटोत बाबांच्या खांद्यावर हात टाकून एक गृहस्थ खदखदून हसताहेत. आई बराच वेळ बघत राहिली. "हे तुझ्या बाबांनाच माहीत," म्हणाली. वहीत त्या नंबरापुढची जागा अजून कोरी आहे.

तर मंडळी, जुना कॅमेरा घेताना एवढं बघा. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम. लिथियमवाला असेल तर चार्जर मागून घ्या, आणि बॅटरी फुगलेली असेल तर दुकानातूनच परत फिरा. २००६ च्या आधीचा कॅमेरा असेल तर दोन जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड शोधा, त्याहून मोठं तो बहुधा ओळखणार नाही. सीडी हरवली तरी बिघडत नाही, कार्ड रीडर पुरतो. आणि घरी आलात की फोटोतल्या माणसांची नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहा, नाहीतर सरळ वहीत.

मेगापिक्सेल? ते असतील तेवढे चालतील, असं सांगितलंय मी तिला.